कुणालाच न जुळणारा नमुना

भाचीच्या पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. वाचताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो, हे ती वीस जणांच्या मेंदूंची यंत्रातून चित्रं घेऊन तपासत होती. त्यातला एक मी. तिनं लिहिलं होतं, "मामा, तुझा मेंदू इतरांशी जुळत नाही, ताणून बसवावा लागेल. परवानगीची सही पाठव."

आपण इतरांसारखे नाही, ही आयुष्यभराची शंका खरी ठरली, म्हणून मी पत्र पुस्तकात दडवलं.

काल तिचा फोन आला. "तुझ्या सहीवाचून सगळं काम अडलंय!"

"माझंच डोकं वाकडं असेल, तर वगळ ना मला."

"अरे, सगळ्यांचीच वाकडी! चित्रं तशीच एकमेकांवर ठेवली, तर तुझं वाचन दुसऱ्याच्या ऐकण्याच्या जागी जाऊन बसतं. म्हणून प्रत्येक मेंदूचं चित्र आधी एका नमुन्यावर ताणायचं, मग तुलना."

"आणि तो नमुना कुणाचा?"

"कुणाचाच नाही. दुसऱ्याच चाळीस डोक्यांची सरासरी आहे ती. तिला आजवर कुणीही जुळलेलं नाही. मीसुद्धा!"

पुस्तकातलं पत्र काढून मी त्यावर सही केली. खाली लिहिलं, "हवा तेवढा ताण, फक्त फाडू नकोस." आणि पाकीट लगेच टपालपेटीत टाकून आलो.