बडीशेपेच्या गावाची गोष्ट

शब्दकोशाच्या कचेरीत व्युत्पत्तीच्या टेबलावर तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला घरी कुणी काही विचारत नसे, कारण उत्तर मिळत असे. मस्लिनचा सदरा म्हणायची सोय नव्हती. शब्दाचं मूळ सांगता सांगता तो सदरा इराकमधल्या मोसुल शहरातून निघायचा आणि ताटातलं गार झाल्यावर घरी पोचायचा.

म्हणूनच लेकीने आदल्या दिवशी दम भरला होता. पाय मोडल्यानंतरची तिची ही पहिलीच मॅरेथॉन. "बाबा, शेवटच्या रेषेपाशी उभे राहा. तिथे माझा धीर सुटतो, तेव्हा तुमचा चेहरा दिसायला हवा. आणि कृपा करून कुणाला काही समजावू नका."

"मी काय वेडा आहे?" त्याने विचारलं.

सकाळी तो तासभर आधीच कठड्याला चिकटून उभा राहिला, तोंडाला कुलूप लावून. तेवढ्यात शेजारी उभे असलेले एक काका सहज म्हणाले, "हे मॅरेथॉन म्हणजे नेमकं काय हो?"

इतकं चांगलं गिऱ्हाईक तीस वर्षांत आलं नव्हतं. शब्द मुळापासून धरायचा, मधूनच नाही, हा कचेरीचा नियम. त्याने रस्त्याकडे पाठ केली आणि बोट वर केलं. "ते एका प्राचीन गावाचं नाव. अर्थ म्हणाल तर बडीशेप! तिथली लढाई जिंकल्याचा निरोप घेऊन एक जण अथेन्सपर्यंत धावत गेला, अशी दंतकथा आहे. आता दंतकथाच का, तर..."

त्याचे पुरावे संपले तोवर मागच्या टाळ्याही संपल्या होत्या.

लेक फुटपाथवर बूट काढून बसली होती, गळ्यात पदक. "पाहिलंत?"

"नाही," तो म्हणाला. खोटं बोलणंही त्याला धड जमत नसे.

"मी हाक मारली, बाबा. दोनदा. तुम्ही बडीशेपेपर्यंत पोचला होतात."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दंतकथेतल्या निरोप्याचं नशीब बरं, अथेन्सच्या लोकांनी निदान त्याच्याकडे तोंड तरी केलं असेल.

लेक उठली. अनवाणी, लंगडत, पन्नासेक पावलं मागे गेली. कामगार शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते.

"तिथेच थांबा!" ती ओरडली. "तोंड इकडे!" आणि धावू लागली.

"मग त्या निरोप्याचं पुढे काय झालं हो?" काकांनी मागून विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक शब्द अर्ध्यावर सोडला. लेक येत होती.