वाणातले टायर

जावयाचं पोट सोन्यानं भरत नाही हे आसेगावात कुणाला नवीन नव्हतं. त्याला टायरही लागतात, हे मात्र जगदेवरावांना यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात कळलं.

कळलं म्हणजे त्यांनी स्वतः विचारून घेतलं. लेक वर्षाराणी दिवाळीला माहेरी आली होती ती तशीच राहिली होती. तिचा नवरा हरीओम तिला अंगणात सोडून केनवडला परत गेला तो "येतो न्याले" म्हणून, आणि नंतर दर फोनवर तेच म्हणत राहिला. भांडण नाही, तक्रार नाही. भांडण असतं तर चार माणसं तरी बसवता आली असती. उन्हाळा लागला तशा गिरणीवर बाया तिच्या आईला, तुळसाबाईंना, विचारू लागल्या, "काय वं, पोरगी अजून इथीच?" मग तुळसाबाईंनी गिरणीवर जाणंच सोडलं.

जगदेवराव तसे भित्रे नव्हते. संत्र्याचा बगीचा उभा ठेवलेला माणूस, संत्री घ्यायला आलेल्या बागवानाशी सौदा करायला बसले की समोरच्याला घाम फुटायचा. पण लेकीचा विषय निघाला की त्यांचं सगळं अवसान गळायचं. अधिक महिना लागताच त्यांनी फोन लावला. "जवाईबापू, धोंडे खायले या. वाणात काय पाहिजे थे मोकळ्या मनानं सांगा."

असं जावयाला कुणी विचारतं का? सासऱ्यानं गुपचूप अंगठी आणावी, कपडे करावे, ताटात अनारसे मांडावे आणि मोकळं व्हावं. इथे तर कुबेरानं कोठाराची किल्लीच हातात दिली.

"सोनं नको, मामाजी," हरीओम म्हणाला. "गाडीले टायर घेऊन द्या. साधे नाही, परफॉर्मन्सचे. समृद्धी हायवेवर गाडी रस्त्याले चिकटून पळाली पाहिजे."

"घेऊ ना. आन मंग वर्षाले..."

"नेतो ना. नव्या टायरवरच नेतो तिले."

या एका वाक्यावर घरात सण आला. तुळसाबाईंनी अनारशाचे तांदूळ भिजत घातले. वर्षाराणीनं बॅग भरली, परत उपसली, पुन्हा भरली. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिलेली तुळसाबाईंनी पाहिली आणि त्यांना रडू आलं.

ठरल्या दिवशी सकाळीच हरीओम सासऱ्याला घेऊन वाशीमच्या टायरच्या दुकानात गेला. गाडी लाल, जमिनीला टेकलेली. दुकानात काळ्या टायरांच्या उतरंडी लावलेल्या होत्या. जगदेवरावांनी आयुष्यभर टायर पाहिले ते ट्रॅक्टरचे. त्यांनी एका टायरच्या खाचेत अंगठा घातला, दुसऱ्याच्या घातला, आणि जाड, खोल खाचांचा एक टायर थोपटून म्हणाले, "हा घ्या, बापू. लय वर्षं जाईन."

हरीओमनं मोबाईल काढला. "परत दाबा, मामाजी. असा अंगठा घाला." त्यांनी पुन्हा घातला, तेव्हा त्यांना कळलं की व्हिडिओ निघतोय. "पाहा रे," हरीओम मोबाईलमध्ये बोलत होता, "आमचे सासरे गाडीले नांगराले जुंपून राह्यले." दुकानातली माणसं हसली. जगदेवरावही हसले. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यांनी तो मोबाईल रस्त्यावर फेकला असता. पण डोळ्यासमोर भरलेली बॅग होती, म्हणून ते सगळ्यांत मोठ्यानं हसले.

शेवटी निवड दोन टायरांवर आली. दुकानदारानं सरळ सांगितलं, "हा टिकतो. आणि हा मऊ रबराचा, लवकर झिजतो, पण पकड जबर. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर गाडी जागच्या जागी थांबते."

जगदेवरावांनी मनात गाडी पाहिली, पावसात, हरीओमच्या वेगानं पळणारी. त्याच्या डाव्या बाजूला वर्षाराणी बसलेली. "हाच द्या," ते म्हणाले. "पकडीचा." तेवढ्या एका क्षणापुरती ती खरेदी त्यांची स्वतःची होती. हरीओमलाही तोच हवा होता, त्यामुळे त्यानं काही टोमणा मारला नाही. चाकं बसवून झाल्यावर दुकानदार म्हणाला, "पहिले काही दिवस जरा दमानं चालवा. जोरात ब्रेक नको, वळणावर वेग नको." बाकी तो काही बोलला नाही.

दुपारी नवराबायको पाटावर शेजारी शेजारी बसली. तुळसाबाईंनी औक्षण केलं, तेहतीस अनारशांचा डबा जावयाच्या हाती दिला. हरीओमनं पुरणाचे धोंडे तुपात बुडवून पोटभर खाल्ले आणि वर मागून घेतले. वर्षाराणीला दोनच गेले, आनंदानं.

मग निघायची वेळ झाली. काढलेले जुने टायर हरीओमनं मागं सोडले नव्हते. दोन डिक्कीत होते, दोन मागच्या सीटवर. जगदेवरावांनी तुरीच्या डाळीचा कट्टा त्यांच्यावर नीट बसवला. वर्षाराणी नवं पातळ नेसून बॅग घेऊन आली आणि तिनं डावीकडच्या दाराला हात घातला.

"थांब," हरीओम म्हणाला. "नव्या टायरवर सुरुवातीले वजन टाकाचं नसते. रबर बसू द्या लागते."

कुंपणापलीकडे शेजारीण पाहत उभी होती.

"मंग कवा न्याल, बापू?" तुळसाबाईंनी विचारलं.

"पाहू ना, मामी. टायर झाले, पण त्याच्यापुढं रिम भंगार दिसून राह्यले. दिवाळीले बोलू." त्यानं अनारशांचा डबा डाव्या सीटवर ठेवला आणि कलंडू नये म्हणून त्याला पट्टा लावला. मग अंगणातले दगड टाळत, टायरांना ओरखडा येऊ न देता, गाडी हळूहळू बाहेर गेली.

वर्षाराणी बॅग धरून तिथेच उभी होती. "बाबा," तिनं विचारलं, "दुकानदार असं म्हणे का? वजन टाकू नका म्हणून?"

जगदेवरावांना दुकानदाराचा शब्द न् शब्द आठवत होता. नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं, लेकीशी, गावाशी, आणि आधी स्वतःशी.

"हो," ते म्हणाले. "म्हणे ना. रबर बसू द्या लागते."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर तिला ठाऊक होतं. बाप कुणाच्या बाजूनं उभा राहतो एवढंच तिला पाहायचं होतं. ती बॅग घेऊन आत गेली.

कुंपणापलीकडून शेजारणीनं विचारलं, "काहून जी, पोरगी नाही गेली?"

जगदेवराव कुंपणाजवळ गेले आणि तिला नव्या टायरांचं समजावून सांगू लागले.