अर्धी भरलेली फट

तिने सहाव्यांदा ताऱ्यांचा तोच नकाशा उघडला आणि सहाव्यांदाही ती फट अर्धी भरलेलीच दिसली.

तिच्या मार्गदर्शक सरांचं व्याख्यान चार वाजता होतं. आता साडेतीन. ती उठली, खिडकी उघडली, पुन्हा लावून घेतली. बूड काही खुर्चीला टेकेना.

आपल्या आकाशगंगेने कधीकाळी एक छोटी दीर्घिका ओढून, फाडून गिळली होती. तिचे तारे अजून लांबलचक प्रवाहासारखे पसरलेले होते. दोन वर्षांपूर्वी त्या प्रवाहात तिला एक फट सापडली. कृष्णद्रव्याचा, कुणालाच न दिसणारा गोळा तिथून आरपार गेला असणार, असं सरांनी गणिताने मांडलं होतं. आज ते जाहीर करायचं आणि महिनाअखेरीस निवृत्त व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि आज सकाळी नव्या मोजणीत तिला कळलं, की फटीतले निम्मे तारे कुठे गेलेच नव्हते आणि उरलेल्या फटीवर सरांचं गणित टिकत नव्हतं. अंधुक तारे वगळायला तिने आकडेवारीला लावलेल्या चाळणीनेच ते गाळून टाकले होते.

गप्प बसलं तर? निबंध तपासणाऱ्या परीक्षकांच्याही नजरेतून ते सुटलं होतं. कोण कशाला उकरून काढतंय!

तिने अंगठ्याचं नख पार मुळापर्यंत कुरतडलं. मग लॅपटॉप उचलला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

सर कॉलरचं बटण लावत होते.

“सर, अर्धी फट खोटी आहे. चूक माझी आहे.”

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. आकडे वाचताना त्यांचे ओठ हलत राहिले. बोलणी खायच्या तयारीने ती उभी होती.

“ही चाळणी कुठून घेतलीस?”

“तुमच्याच शोधनिबंधातून. एकोणीस वर्षांपूर्वीच्या.”

सर सावकाश खाली बसले. लावलेलं बटण त्यांनी पुन्हा काढलं.

“त्या निबंधावर मला ही खुर्ची मिळाली,” ते म्हणाले. “पुढच्याच वर्षी शंका आली होती. तपासून बघायचा धीर झाला नाही.”

तिने लॅपटॉप मिटून घेतला.

“आजचं रद्द करायचं का, सर?”

“लोक आलेत. चल.”

सभागृह गच्च भरलं होतं. सरांनी पडद्यावर पहिलं चित्र लावलं. ते तिचं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वीचं, त्यांचं होतं.

“आज दोन चुका सांगायच्या आहेत,” ते म्हणाले. “मोठी माझी आहे. तीच आधी.”