सहावा लूप

वस्तीच्या दोरबार हॉलच्या स्टेजवर दाफिशाने वडिलांच्या गिटारच्या पेडलांची पेटी उघडली, तेव्हा आतून सुपारीचा वास आला. पा जाऊन पाच महिने झाले होते. तिने झाकण बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. मग खिशातून टॉर्च काढला आणि कामाला लागली.

पांच्या आठवणीचा कार्यक्रम तीनला होता. आत्ता बारा वाजत आले होते. हॉलमध्ये खुर्च्या लावून झाल्या होत्या. मागच्या भिंतीवर पांचा फोटो होता, खाली वेलबोर्न असं नाव; त्याला कुणीतरी प्लास्टिकची फुलं चिकटवली होती. पा असते तर आधी ती फुलं काढायला लावली असती.

"अजून उघडतेच आहेस?" ड्रमवर कपडा फिरवत बाह बोक म्हणाले. पाइनकोन्स या बँडमध्ये ते आणि पा चाळीस वर्षं एकत्र वाजवत होते. दाफिशाला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. "एवढ्या वेळात तुझ्या पाने दोन सुपाऱ्या खाल्ल्या असत्या आणि तीन जणांना शिव्या दिल्या असत्या."

"पांनी ही पेटी कधी स्वतः लावली होती का, बाह बोक?"

"छे. शिव्या तेवढ्या स्वतः द्यायचा."

दोघंही हसले. हसणं संपल्यावर हॉल आधीपेक्षा जास्त रिकामा वाटला.

पेटी लावायची म्हणजे घाई करून चालत नसे. आत सात पेडलं होती. एक गिटारचा आवाज जाड करणारं, एक लांबवणारं, एक दरीतून परत आल्यासारखा करणारं, अशी. गाण्याच्या ऐन मध्यावर त्यातली तीन चालू आणि दोन बंद करायची तर वाजवणाऱ्याला स्टेजवर नाच करावा लागतो. साठी उलटल्यावर पांच्या गुडघ्यांनी त्या नाचाला नकार दिला, तेव्हा दाफिशाने हा स्विचर बसवला. प्रत्येक पेडलाला त्यात आपापला लूप. आवाज एका भोकातून पेडलाकडे जातो, दुसऱ्यातून परत येतो. कुठले लूप एकदम उघडायचे ते आधी ठरवून एका बटणावर बसवून ठेवायचं. मग स्टेजवर पाय एकदाच दाबायचा. ए ते ई अशी पाच बटणं होती. केबली तिने बोटभर मोजून कापल्या होत्या, टोकं स्वतः सोल्डर केली होती. पहिली चार बटणं तिनेच बसवली होती. पाचवं, ई, रिकामं होतं.

लूप आठ होते, पेडलं सात. सहाव्या लूपवर पांच्या अक्षरात पांढरी पट्टी चिकटवलेली होती: खराब. भोक ढिलं झालंय, त्याला हात लावू नकोस, लावशील तर बाकीचेही बिघडवशील, असं पांनी बजावलं होतं. "दुरुस्त करून देते," असं ती तीनदा म्हणाली होती. तिन्ही वेळा पा चिडले होते. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून तिने सोडून दिलं होतं.

"तर ऐक," बाह बोक म्हणाले. "चार गाणी आम्ही तिघं कशीबशी रेटू. शेवटचं 'शेवटची सुमो'. मधोमध त्याची खुर्ची ठेवायची, खुर्चीवर त्याची गिटार. माणूस कुणी नाही. तू पेटीपाशी खाली बसायचं आणि सोलोची वेळ आली की ई दाबायचं."

"ई रिकामं आहे."

बाह बोकनी झांजेचा स्क्रू सैल केला, परत आवळला. "दाबून बघ ना."

"मीच बसवलंय सगळं. ई रिकामं आहे, बाह बोक."

"बरं, मी जरा खाऊन येतो," ते म्हणाले. "तुला जादो-भात आणू? डुकराचा आणतो, कोंग थेईच्या टपरीवरचा." उत्तराची वाट न बघता ते स्टेजवरून उतरले. साठ-पासष्टचा माणूस, पण पायऱ्या दोन-दोन करून उतरला.

दाफिशाने वीज जोडली आणि ई दाबलं. पाचव्या आणि सहाव्या लूपचे दिवे लागले.

पाचव्यात सूर जुळवायचं यंत्र होतं. ते चालू असलं की गिटारचा आवाज तिथेच अडतो. तारा पिळतानाची कटकट लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तशी सोय असते. म्हणजे ई दाबल्यावर गिटार मुकी होणार होती. मुक्या गिटारपुढे सहावा लूप कशाला उघडायचा? तिने ॲम्प बंदच ठेवला होता, म्हणून काही ऐकू आलं नाही. तिने बटण सोडलं, पेटी उलटी केली आणि खालच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले. हा पत्रा तिने बसवला होता तो दोन स्क्रूंनी.

पत्र्यामागे तळहाताएवढा एक डबा होता. वाजवलेलं साठवून परत वाजवणारा, पोरं घरी रियाजाला वापरतात तसा. सहाव्या लूपमधून त्याच्याकडे केबल गेली होती. सोल्डर ओबडधोबड, घाईचं, कापऱ्या हाताचं. डब्यातून दुसरी एक बारीक काळी वायर निघाली होती, नीट गुंडाळून रबर लावलेली. तिच्या टोकाला कानात घालायचं बोंड होतं आणि त्यावर पट्टी: बोक.

ही वायर तिने स्टेजवर कितीदा तरी पाहिली होती. ड्रमकडे जाणारी. बाह बोकना कमी ऐकू येतं म्हणून असेल, असं तिला वाटायचं.

तिने पेटी सरळ केली, ॲम्प लावला आणि ई दाबलं.

रिकाम्या हॉलमध्ये सोलो सुरू झाला. 'शेवटची सुमो'मधला, ज्यासाठी लोक लांबून, जोवाईहून यायचे, ज्याच्यानंतर टाळ्या पडायला थोडा वेळ लागायचा कारण कुणाला आधी हात उचलवत नसे. म्हातारपणी वेलबोर्नच्या हाताला काय झालंय, असं सगळे म्हणायचे, तरणा होता तेव्हासुद्धा असं वाजवत नव्हता. दाफिशा गुडघ्यांवर बसून ऐकत होती. दुसऱ्या ओळीत सूर वर ओढताना शेजारची तार किंचित वाजली. तिसऱ्या ओळीत सूर येतो येतो म्हणताना थांबला, आणि मग आला. तिच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलली. कुठे दाबायचं ते त्यांना माहीत होतं.

सप्टेंबर होता. तीन वर्षांपूर्वीचा, शनिवार. पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदाच पांच्या शेजारी उभी राहून वाजवणार होती, तसं ठरलं होतं. पांनी तिला हा सोलो वाजवायला सांगितला. वाजवला. चूक, म्हणाले, पुन्हा. असं नऊ वेळा. पा समोर वेताच्या मोड्यावर बसले होते, डोळे मिटून, पाय पेटीवर ठेवून. एवढा वेळ त्यांनी तिला आयुष्यात कधी दिला नव्हता. बोटं सोलून निघाली तरी तिला ती दुपार संपू नये असं वाटत होतं. नवव्या वेळेनंतर त्यांनी डोळे उघडले, पेटीवरचा पाय काढला आणि म्हणाले, "राहू दे. तुझ्या हाताला वेळ कळत नाही. स्टेजवर तोंडघशी पडशील." त्यानंतर तिने गिटार कपाटावर ठेवली. केबली तेवढ्या कापत राहिली.

सोलो संपला. डबा आपोआप बंद झाला. अगदी व्यवस्थित काम होतं.

बाह बोक हातात पुडकं घेऊन आले तेव्हा ती काळी वायर ड्रमच्या खुर्चीवर ठेवलेली होती. ते ती बघून उभेच राहिले.

"या टोकाला काय ऐकू यायचं तुम्हाला?" तिने विचारलं.

"टकटक," ते म्हणाले. "त्याने भरून ठेवली होती. सोलो कुठे थांबतो, कुठे धावतो, ते कळायला. नाहीतर बँड पुढे निघून गेला असता."

"म्हणजे एवढी वर्षं तुम्ही माझ्या मागे वाजवत होता."

"पोरी, असं नको—"

"मला वेळ कळत नाही, असं पा म्हणाले होते. तुम्हाला माहीत आहे ते?"

"माहीत आहे." त्यांनी पुडकं ॲम्पवर ठेवलं. "त्याचे हात गेले होते गं. चहाचा कप धरता येत नव्हता. डॉक्टरने सांगितलं होतं, आता परत नाही येणार. तू शेजारी उभी राहिली असतीस तर पहिल्या गाण्यातच सगळ्यांना कळलं असतं, कोण वाजवतंय आणि कोण नाही."

"मला सांगितलं असतं तर मीच दिलं असतं ना! मागितलं असतं तर."

"मागायला जमायचं नाही त्याला. तुला नवीन आहे का तो?"

"आणि तुम्हाला? तुम्हाला तोंड नव्हतं?"

बाह बोक एकदम चिडून म्हणाले, "चाळीस वर्षांचा सोबती आहे तो माझा! काय करायला हवं होतं मी? त्याला स्टेजवर उघडा पाडायला हवा होता?"

"त्याला नाही. मला पाडलंत."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, कुणीतरी "अजून, अजून" म्हणत होतं. बाह बोक ड्रमच्या खुर्चीवर बसले, वायरीवरच. मग उठून ती बाजूला केली.

"आज एक दिवस, दाफि. लोक त्याच्यासाठी येताहेत. ई दाब. तुझाच सोलो आहे, तूच वाजव. नंतर काय बोलायचं ते बोल मला."

"आधी सांगा माइकवर. हे कोण वाजवतंय ते सांगा, मग दाबते."

"मेई पहिल्या रांगेत बसणार आहे तुझी. आईसमोर सांगू हे?"

"तिला माहीत होतं?"

"नाही. देवाशपथ नाही. म्हणून तर म्हणतो."

जादोचं पुडकं तसंच राहिलं.

तीन वाजता हॉल भरला. जुने चेहरे, शाली, मांडीवर पोरं, मागे उभे राहिलेले कॉलेजातले. मेई पहिल्या रांगेत, काळं जैनसेम नेसून, हातात पर्स घट्ट धरून. चार गाणी तिघांनी कशीबशी रेटली. मग गाणाऱ्या बाह सॅमनी माइक हातात घेतला, रिकाम्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाले, "आता वेल वाजवेल." हॉलमध्ये चिडीचूप झालं.

गाणं सुरू झालं. दाफिशा पेटीपाशी बसली होती. सोलोच्या आधी चार ओळी असतात, त्यातल्या दुसऱ्या ओळीला ती उठली. खुर्चीवरची गिटार उचलली आणि पट्टा खांद्यावर घेतला. लोकांमध्ये कुजबुज झाली. बाह बोकच्या कानात ती बारीक वायर होती; टकटक सुरू होईल म्हणून ते खाली बघत होते. दाफिशाने डी दाबलं, तिने स्वतः बसवलेलं.

टकटक आलीच नाही. बाह बोकनी मान वर केली.

तीन वर्षांत तिची बोटं मऊ पडली होती. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत तार हातातून सुटली आणि सूर जिथे जायला हवा होता तिथे पोचलाच नाही. तिने परत तिथूनच धरलं, जरा उशिरा. ड्रम अडखळले, मग तिच्या हाताकडे बघत बघत मागे आले. तिसऱ्या ओळीत ती आणखी एकदा चुकली. शेवटचा सूर तिने धरून ठेवला, फार वेळ नाही, पण तो तिचा होता आणि तिने कधी सोडायचा ते ठरवलं.

टाळ्या पडल्या. लगेच पडल्या, प्रेमाने पडल्या, बाप गेलेल्या मुलीला पडतात तशा.

आवराआवर करताना बाह बोक जवळ आले. त्यांचे डोळे लाल होते. "तो डबा पुसू नकोस," ते हळूच म्हणाले. "माझ्यासाठी म्हण हवं तर."

"पुसत नाही."

तिने पत्रा उघडला, डबा सोडवला, ओबडधोबड सोल्डरच्या दोन वायरी पकडीने कापल्या आणि डबा कोटाच्या खिशात टाकला. पेटी तिथेच स्टेजवर ठेवली. "ही ठेवा तुम्ही. सहावा सोडला तर बाकी सगळे चांगले आहेत."

दारात मेई वाट बघत होती. दोघी उताराने चालू लागल्या. उजेड अजून होता, पण दुकानदारांनी दिवे लावायला सुरुवात केली होती. मेईने पर्समधून सुपारीची पुडी काढली, एक तुकडा दाफिशाला दिला.

"मधे चुकलीस," मेई म्हणाली.

"हो."

"तुझे पा रागावले असते."

"रागावले असते."

"पण उठलीस ते बरं केलंस. ती रिकामी खुर्ची बघवत नव्हती मला." थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "शेवटी शेवटी किती छान वाजवायचे गं ते. हात थरथरायचे घरी, आणि स्टेजवर गेले की कुठून बळ यायचं कोण जाणे. मी देवाला म्हणायची, एवढं तरी ठेवलंस त्यांना."

दाफिशाने मान हलवली. सुपारी तोंडात तिखट लागत होती.

"तुझ्याकडे असेल ना काहीतरी भरून ठेवलेलं? तो सोलो? तूच तर सगळी यंत्रं बघायचीस त्यांची. मला लावून दे ना घरी गेल्यावर."

खिशात तिची बोटं डब्यावर होती. त्याचा पत्रा अजून थोडा कोमट होता.

"नाही, मेई," ती म्हणाली. "पांचं काही नाही माझ्याकडे."

मेई थांबली. तिच्याकडे बघत राहिली, आणि मग पुढे चालू लागली. दाफिशाने पावलं उचलून तिला गाठलं आणि उतारावर तिचा दंड धरला.