ठिपक्याची पिल्लं

माझी बायको आयली प्रत्येक फोटोला एक ओळ लिहायची. फोटोवर नाही; फाइलीच्या माहितीत, शेऱ्याच्या जागी. ती गेल्यावर मला फोटोंपेक्षा त्या ओळीच हव्या होत्या. फोटोत ती नुसती हसते, ओळींत बोलते.

तिचा मॅक कॉम्प्युटर फार रखडायला लागला, म्हणून माझा मेव्हणा टाउनो मदतीला आला. त्याने सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवले, मॅक पुसून कोरा केला आणि चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकला. मग पेनड्राइव्ह माझ्या विंडोजच्या कॉम्प्युटरला लावला.

"दाजी, हे काय? प्रत्येक फोटोला फाइलीचं एक पिल्लू आहे. नावाआधी ठिपका आणि रेघ. उघडतसुद्धा नाही."

"राहू दे की."

"कचरा आहे, दाजी. तुमच्या गॅरेजसारखा."

कचरा दिसला की टाउनोचे हात शिवशिवतात. आयलीचे कपडेही त्यानेच बांधून दिले होते, आणि मी त्याचे आभार मानले होते. तो एकेका वर्षाचा फोल्डर उघडून पिल्लं उडवत गेला. शेवटचं वर्ष राहिलं तेव्हा मी कॉफी आणून दिली. त्याने एक घोट घेतला आणि घरी काम आहे म्हणून उठला.

नंतर मी तळ्यावरचा फोटो उघडला. शेरा नाही. दुसरा उघडला. तोही मुका. मी विनिपेगला टाउनोच्या मुलीला, काइसाला, फोन लावला.

"रेनो आतोबा, पेनड्राइव्हची पद्धत वेगळी असते. तिथे फोटोबरोबर शेऱ्याला जागा नसते. म्हणून मॅक तो शेजारी छोट्या फाइलीत ठेवतो. नावाआधी ठिपका असतो बघा. त्या जपा हं, उडाल्या तर परत मिळतील याचा भरवसा नाही. नोटपॅडमध्ये उघडल्या तरी वाचता येतील."

दुसऱ्या दिवशी टाउनोला हे सांगितलं. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"सगळ्या गेल्या?"

"शेवटच्या वर्षाच्या आहेत. तू कॉफी टाकून पळालास ना."

एक पिल्लू नोटपॅडमध्ये उघडलं. हॉस्पिटलातल्या फोटोचं, पलंगाशेजारी माझा थर्मास होता तो फोटो. नुसत्या अगम्य खुणा, आणि मधे आयली:

"रेनोची कॉफी. नर्ससुद्धा पळाली. त्याला सांगू नये."

टाउनोने माऊस हळूच माझ्याकडे सरकवला.

"दाजी, कॉफी आहे का?"

मी केली. त्याने दोन कप प्यायले, तोंड वाकडं न करता.