सव्वीस वस्तऱ्यांचा खण

दाढी-कटिंगचं दुकान मुलीच्या हाती सोपवून मी घरी बसलो, तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा आता माश्या मारणार. मी कशाला माश्या मारतोय? माझ्याकडे सव्वीस वस्तरे आहेत आणि ते सांभाळायला मला दिवस पुरत नाही. आमची ही म्हणते, "पोटच्या पोरीचे केले नाहीत एवढे लाड त्या लोखंडाचे करता." चांगल्या पोलादाला लोखंड म्हणणाऱ्या बाईबरोबर मी एक्केचाळीस वर्षं संसार केला, यावरून माझा स्वभाव किती सोशिक आहे ते कळावं.

वस्तरे झोपायच्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यात वरच्या खणात असतात. न्हाणीघराची वाफ तिथवर पोचत नाही. सुताराकडून आत लाकडी पट्ट्या बसवून घेतल्या आहेत, म्हणजे प्रत्येकाला आपली खाच, एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. कोपऱ्यांत औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या. वर कुलूप, कारण नात आता खुर्चीवर चढायला शिकली आहे. दर रविवारी दुपारी मी एकेक वस्तरा उघडून जुन्या बनियनच्या फडक्याने पुसतो आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवतो. दुसऱ्या कुणी त्यांना बोट लावायचं नाही, हा घरातला कायदा. बोटाचा घाम पात्याला लागला की दोन दिवसांत डाग उमटतो, आणि माझ्या मते या घरात माझ्याखेरीज सगळ्यांच्या हातांना घाम येतो.

मधल्या खाचेत उस्तादांचा वस्तरा. फुग्याला फेस फासून तो न फोडता साफ करायला त्यांनी मला याच वस्तऱ्याने शिकवलं. मूठ मधाच्या रंगाची. बाकीचे त्याच्या दोन्ही अंगांना, दरबार भरल्यासारखे.

गेल्या महिन्यात एका रविवारी खण उघडला तर उस्तादांच्या दोन्ही बाजूंच्या वस्तऱ्यांवर तपकिरी ठिपके. मी ते घासून काढले, दुप्पट तेल लावलं. पुढच्या रविवारी चार वस्तऱ्यांवर. त्यापुढच्या रविवारी आठ. गंज एकदा खोल गेला की पातं घासून संपतं, पण डाग जात नाही. तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं सगळं डोळ्यांदेखत भंगारात निघालं होतं.

मी हिच्यावर उखडलो. "तू खण उघडलास. ओल्या हातांनी."

"मी महिनाभरात त्या कपाटाकडे फिरकलेसुद्धा नाही."

"मग गंज काय आभाळातून पडला?"

चार दिवस आमच्यात अबोला होता. चहा यायचा, पण कप असा आदळला जायचा की निम्मा बशीत.

पाचव्या दिवशी शेजारचा व्हायोलिनवाला आला. तो जुनी वाद्यं दुरुस्त करतो. मी रडगाणं गायलो, खण दाखवला. त्याने बघायच्या आधी नाक आत घातलं.

"काका, यात कापूर ठेवलाय का?"

"छे. तो उस्तादांच्या वस्तऱ्याचा वास. हल्ली जास्त येतो. मला आवडतो."

"आवडतो काय! ही मूठ सेल्युलॉइडची आहे. पूर्वी कंगवे असायचे ना, त्याच जातीची. म्हातारी झाली की कुजते आणि तिच्यातून आंबट वाफ निघते. बंद खणात ती आजूबाजूचं पोलाद खाते. हिला बाहेर काढा, नाहीतर एकही उरायचा नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या उस्तादांना चोर म्हणतो? त्याला मी जवळजवळ हाकललंच. मग एकटा खणासमोर बसलो आणि ठिपके नीट पाहिले. ते मधूनच निघाले होते आणि दोन्हीकडे सारखे पसरत गेले होते. मान म्हणून मीच त्याला मधोमध बसवलं होतं, आणि वर काळजीने खण घट्ट बंद ठेवला होता.

त्याच संध्याकाळी मी मुठीच्या खिळ्या ठोकून काढल्या. मूठ हातातच एका टोकाला भुगा झाली. मला रडू आलं, लपवत नाही. पातं मात्र वाचलं, थोडे खड्डे घेऊन. मूठ बाहेरच्या फळीवर उघड्या बशीत ठेवली, उन्हापासून आणि नातीपासून लांब. पुढचा रविवार आला, पण नवा ठिपका आला नाही. पंचवीसच्या पंचवीस आणि एक बिनमुठीचं पातं, सगळे वाचले.

आता हिची माफी मागायची होती, आणि तो सराव मला नाही. मी हाक मारली, शेजारी बसवलं, फडकं तिच्या हातात दिलं.

"यातला एक तू पूस."

तिने वस्तरा मागच्या शेपटाला धरून उघडला. तेल पात्यावर न टाकता फडक्यावर घेतलं. पाठीकडून धारेकडे पुसत नेलं, एकदाही उलटं नाही. बोट पात्याला लागलं नाही.

"हे कधी शिकलीस?"

"गेल्या वर्षी तुम्ही तीन आठवडे दवाखान्यात होतात. तेव्हा रविवार यायचे थांबले होते का?"

दवाखान्यातून आल्याबरोबर मी हा खण उघडला होता. एक डाग नव्हता. माझा हात असा की तेल तीन-तीन आठवडे टिकतं, असं मी गल्लीभर सांगत फिरलो होतो, हिच्यादेखत.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कायदा मोडला होता ना मी," ती म्हणाली. "आणि तुम्ही इतके खूश होतात."

मला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. "चुकलो मी," मी म्हणालो. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो असेन, कारण तिने मान वर करून माझं कपाळ गरम आहे का ते पाहिलं.