अडीअडचणीची व्हॅन

मोहोपाड्याच्या कारखान्यात जेवण पोचवायला आम्ही दोन बॅटरीच्या गाड्या घेतल्या. तरी माझ्या लेकानं, देवेशनं, एक डिझेलची व्हॅन अडीअडचणीला ठेवली. मग काय, ड्रायव्हर रोज तिच्याच चावीसाठी भांडायचे आणि नव्या गाड्या अंगणात जावयासारख्या बसून राहायच्या. आज मी ती व्हॅन चौक गावच्या गॅरेजवाल्याला विकून टाकली.

"आई, वाटेत चार्जिंग संपलं तर कारखान्याचं काम हातचं जाईल."

"ती दारात होती तवर तुमी शिकणार नव्हता."

बुधाजी ड्रायव्हर कुरकुरला, "भरली गाडी बंद पडली तर, काकू?"

"मी शेजारी बसते. बंद पडली तर तू ढकल, मी स्टेरिंग धरते."

मोहोपाड्यापर्यंत तो दर वळणाला बॅटरीचा आकडा बघत होता. जेवण मात्र गरम पोचलं.